घोरतो म्हणजे गाढ झोपलाय, असं नाही

पत्र : मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावात राहते. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत आहे. दोन वर्षांपासून घोरतो, दिवाळीनंतर तर रोजच. तोंड उघडं, मान मागे, अशी झोप. चौथ्या वर्षीच त्याचं अंथरूण ओलं करणं थांबलं होतं, ते गणपतीपासून परत सुरू झालं. महिन्यातून दोन-तीनदा झोप लागल्यावर तास-दीड तासाने उठून बसतो, किंचाळतो, मला ओळखत नाही. सासूबाईंनी भगताकडून दोरा आणून बांधला. घोरण्याबद्दल त्या म्हणतात, ‘पोऱ्या घोरस म्हंजे त्याले गाढ झोप लागेल शे.’ झोपताना रोज पाय दाबून मागतो. साडेदहाला झोपतो, सकाळी सातला हलवून हलवून उठवावं लागतं. शाळेतल्या बाई म्हणतात, एका जागी बसत नाही, लक्ष नाही, मुलांना मारतो, मानसिक डॉक्टरांना दाखवा. घर लहान आहे. पुढच्या खोलीत भाव येईल म्हणून कापूस भरून ठेवलाय, आम्ही तिथेच झोपतो. हे रात्रीच्या लाईटीला मोटार चालू करायला शेतात जातात, त्यामुळे उठबस होते. मागच्या आठवड्यात सलग तिसऱ्या दिवशी गोधडी ओली दिसली तेव्हा मी त्याला खूप मारलं. त्याला नक्की काय झालंय? कोणाला दाखवू? — एक आई

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमच्या घरात एकाच मुलाच्या चार तक्रारी चार दिशांना गेल्यात. घोरणं म्हणजे गाढ झोप म्हणून सोडून दिलं, किंचाळण्यासाठी भगत झाला, ओल्या गोधडीसाठी मार बसला आणि शाळेतल्या वागण्यासाठी मानसिक डॉक्टर सुचवले गेले. मला मात्र ही एकच तक्रार दिसते. झोपेत त्याच्या श्वासाची वाट अडत असावी, अशी मला दाट शंका आहे. पत्रावरून निदान होत नसतं आणि मी ते करतही नाही. पण आधी काय तपासायचं, हे नक्की सांगते. आधी त्याची झोप आणि घसा, बाकीचं मग.

नाकाच्या मागे ॲडेनॉइड नावाची गाठ असते आणि घशात दोन बाजूंना टॉन्सिल. साधारण दोन ते आठ या वयात मुलाच्या लहानशा घशाच्या मानाने या गाठी सगळ्यात मोठ्या असतात. जागेपणी घशाचे स्नायू वाट उघडी धरून ठेवतात, म्हणून दिवसा काही जाणवत नाही. झोप लागली की ते सैल पडतात आणि वाट आणखी बारीक होते. ठिबकची नळी कुठे दुमडली की पुढच्या झाडाला पाणी पोचत नाही, तसंच. श्वास अडला की मेंदू मुलाला क्षणभर अर्धवट जागं करतो, श्वास सुटतो, परत झोप, परत अडणं. मूल डोळे उघडत नाही, त्याला सकाळी काही आठवतही नाही. बघणाऱ्याला वाटतं, रात्रभर झोपला. प्रत्यक्षात त्याची झोप रात्रभर तुटत असते.

आता शाळेचं बघा. मोठ्या माणसाची झोप झाली नाही की तो पेंगतो. लहान मूल बहुतेकदा उलटं वागतं. चुळबुळ करतं, चिडतं, हात उचलतं, एका कामावर टिकत नाही. बाईंना वर्गात जे दिसतंय ते खोटं नाही, पण त्याची सुरुवात रात्री तुमच्या पुढच्या खोलीत होत असू शकते. अंथरुणाचंही तसंच आहे. श्वास ओढताना छातीतला दाब बदलत राहतो, त्यामुळे रात्री लघवी जास्त तयार होते, आणि तुटक झोपेमुळे मुलाला लागल्याची जाणीव होत नाही. कोरडं राहायला लागलेलं मूल परत ओलं करायला लागलं आणि सोबत घोरणं असलं, तर या दोन्हींचा संबंध तपासायलाच हवा.

एक गोष्ट कबूल करते. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे असंच एक मूल यायचं, अंथरूण ओलं करतं आणि अंगाला लागत नाही म्हणून. मी जंताचं औषध दिलं, टॉनिक दिलं, रात्री पाणी कमी द्या म्हणून सांगितलं. जवळजवळ वर्षभर. तो झोपतो कसा, हे मी एकदाही विचारलं नाही. एका रात्री सर्दीने बेजार म्हणून त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं, तेव्हा राउंडला गेले आणि त्याचा श्वास ऐकून पलंगापाशी उभीच राहिले. तेव्हापासून कुठल्याही मुलाच्या आईला मी आधी विचारते, घोरतो का? आठवड्यातून किती रात्री? सर्दी-खोकल्यात चार दिवस घोरणं वेगळं. सर्दी नसतानाही आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री घोरणं, ही तपासायची गोष्ट आहे.

डॉक्टरांच्या जातीलाही हे उशिराच कळलं. तोंडाने श्वास घेणारी, मंद दिसणारी, शिकण्यात मागे पडणारी मुलं कॅनडाचे नामवंत डॉक्टर विल्यम ऑस्लर यांनी 1892 सालच्या आपल्या वैद्यकाच्या पुस्तकात वर्णन केली होती. पण झोपेत श्वास अडणाऱ्या आठ मुलांची रात्रभर मोजमाप करून नोंद झोपेच्या आजारांचे अभ्यासक ख्रिस्तियन गिलेमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली ती 1976 मध्ये. मध्ये चौऱ्याऐंशी वर्षं गेली. त्यामुळे तुमच्या सासूबाईंना दोष देऊ नका.

आता तुमचं काम. या तपासणीचा पहिला आणि मोठा भाग दवाखान्यात होत नाही, घरी होतो, आणि तो तुमच्याइतका चांगला कोणीच करू शकणार नाही. तीन रात्री निवडा, त्याला सर्दी नसताना. दोनदा बघायचं. एकदा झोप लागल्यावर दीड-दोन तासांनी आणि एकदा पहाटे चार-पाचच्या सुमारास. पहाटेचं बघणं चुकवू नका. स्वप्नांची झोप रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त असते, त्या झोपेत स्नायू पार ढिले पडतात आणि मुलांचा श्वास तेव्हाच जास्त अडतो. दहा वाजता डोकावून ‘बरा झोपलाय’ म्हणून परत फिरणाऱ्या आईला पहाटेचा मुलगा दिसतच नाही.

गोधडी बाजूला करा, बनियन हळूच वर घ्या, लाईट लावा किंवा बॅटरी धरा. तोंड बघू नका, छाती बघा. निरोगी मुलाची छाती आणि पोट एकत्र वर येतात, एकत्र खाली जातात. श्वास अडणाऱ्या मुलाचं पोट फुगतं तेव्हा छाती आत ओढली जाते, तराजूच्या दोन पारड्यांसारखी. गळ्याखाली जी खाच असते, ती प्रत्येक श्वासाला खोल जाते का बघा. बरगड्यांच्या मधली कातडी ओढली जाते का बघा. मग कान द्या. घोरणं एका लयीत चाललंय, की घोरता घोरता एकदम शांत होतो? शांतता आली की मनात मोजा. त्या शांततेत छाती हलतेय, पोट हलतेय, पण हवेचा आवाज नाही, आणि मग हिसका देऊन, घुसमटल्यासारखा मोठा श्वास घेतो, असं होतं का? मुलांमध्ये दोन श्वासांएवढा वेळ अडला तरी तो मोजला जातो, तेव्हा ‘पाच-सहा सेकंदच थांबला’ म्हणून सोडून देऊ नका. थंडीच्या दिवसांतही मानेला, डोक्याला घाम असतो का, उशी ओलसर लागते का, हेही हाताने बघा. मान मागे टाकून झोपतो असं तुम्ही लिहिलंय. ती सवय नाही. झोपेतही तो आपली वाट मोठी करायला बघतोय.

हे सगळं मोबाइलवर घ्या. दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ, चेहऱ्यापासून पोटापर्यंत दिसेल असा, पंखा किंवा टीव्हीचा आवाज नसताना. असा एक व्हिडिओ डॉक्टरांना जे सांगतो ते अर्ध्या तासाच्या बोलण्यातून कळत नाही, कारण दवाखान्यात मूल जागं असतं आणि त्याचा श्वास ठीक असतो. हा व्हिडिओ फक्त डॉक्टरांसाठी. घरच्या ग्रुपवर टाकू नका, उद्या हे पोरगं मोठं होणार आहे.

सोबत दोन आठवडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. किती वाजता आडवा झाला, किती वाजता झोप लागली, किती वेळा उठला, अंथरूण ओलं की कोरडं, सकाळी आपण होऊन उठला की उठवावं लागलं. रविवारी उठवू नका, कधी उठतो ते लिहा. रोजच्यापेक्षा दोन तास जास्त झोपला तर आठवड्याची झोप बाकी राहतेय, हे उघड आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत नऊ ते बारा तास झोप लागते. तुमच्या हिशेबाने त्याला साडेआठ तास मिळतात, तेही तुटक. त्याला साडेनऊलाच झोपवा. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आपल्या सरकारचा फेब्रुवारी 2024 चा निर्णय आहे, तो मुलांच्या झोपेसाठीच. पण एक तास वाढवून घुसमट जाणार नाही, तेव्हा तेवढ्यावर थांबू नका.

आणि कापूस. दिवाळीनंतर घोरणं वाढलं असं तुम्ही लिहिलंत तिथे मी पेन खाली ठेवला. वेचणी झाली, भाव नाही, म्हणून माल घरात, आणि घरातली माणसं त्या ढिगाच्या कडेला झोपतात, हे आपल्या खान्देशात दर हिवाळ्यात दिसतं. भावापुढे तुमचा इलाज नाही, हे मला कळतं. पण त्या तुसाने आणि धुळीने नाकाची ॲलर्जी होते, नाक आतून सुजतं, आणि आधीच बारीक असलेली वाट बंद होते. माल विकेपर्यंत निदान या मुलाला त्या खोलीत झोपवू नका. स्वयंपाकघरात झोपवा, सासूबाईंच्या खोलीत झोपवा. मध्यरात्री वडिलांच्या उठण्याचाही त्रास मग कमी होईल. कुठेही झोपवलं तरी त्याच्याजवळ बिडी-सिगारेटचा आणि चुलीचा धूर नको. खोली बदलून दोन आठवड्यांत घोरणं उतरलं तरी डॉक्टरांना दाखवायचंच आहे. फरक पडला का, एवढं मात्र त्यांना सांगा.

किंचाळण्याबद्दल तुम्ही घाबरला आहात, साहजिक आहे. उघडे डोळे, घामेजलेलं अंग, आई समोर असून ओळख नाही, हे बघणं फार कठीण असतं. पण तुम्ही दिलेली वेळ मला धीर देते. झोपेच्या पहिल्या तीन-चार तासांत, गाढ झोपेतून अर्धवट बाहेर येताना मुलांना असं होतं. सकाळी त्यांना काही आठवत नाही. वाईट स्वप्न वेगळं. ते रात्रीच्या उत्तरार्धात पडतं, मूल पूर्ण जागं होतं, सांगतं आणि बिलगतं. अशा वेळी त्याला गदागदा हलवू नका, तोंडावर पाणी मारू नका. पडणार नाही एवढं बघा, हळू आवाजात बोला, काही मिनिटांत तो आपोआप झोपेल. अपुऱ्या झोपेने आणि अडणाऱ्या श्वासाने हे वाढतं, म्हणजे मूळ बरं झालं की हेही बहुधा कमी होतं. बाहेरचं काही नाही, ताई. दोरा सासूबाईंच्या समाधानासाठी राहू द्या, पण धूर, अंगारा नाकातोंडाजवळ नको आणि दवाखान्याची तारीख पुढे ढकलू नका. मात्र एकाच रात्रीत अनेकदा होत असेल, दर वेळी हातपाय तसेच वाकडे होत असतील, तोंड एका बाजूला ओढलं जात असेल, लाळ गळत असेल, जीभ चावली जात असेल, तर ते झोपेतल्या फिटचं लक्षण असू शकतं. त्याचाही व्हिडिओ घ्या आणि लवकर दाखवा. मग मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी, काढावा लागेल.

पाय दाबून मागतो हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण मला ते महत्त्वाचं वाटतं. त्याला विचारा, दुखतात की आत वळवळतं? हलवले की बरं वाटतं का? संध्याकाळनंतरच होतं का? काही मुलांना झोपताना पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही, आणि त्यामागे बऱ्याचदा शरीरातल्या लोहाचा साठा कमी असतो. हिमोग्लोबिन बरं असूनही हा साठा रिकामा असू शकतो, म्हणून फेरिटिन नावाची रक्ताची वेगळी तपासणी सांगा. अशा मुलात तो आकडा 50 च्या खाली असेल तर डॉक्टर लोहाचं औषध देण्याचा विचार करतात. दुकानातून आपल्या मनाने आणू नका, लोह जास्त झालं तर विषारी असतं.

कोणाला दाखवायचं? आधी बालरोगतज्ज्ञ. ते उंची-वजन तक्त्यावर बघतील, कारण अशा मुलांचं वजन कधी जास्त असतं तर कधी वाढतच नाही. रक्तदाब, नाक, टाळू, टॉन्सिलचा आकार बघतील. तेव्हाच लघवी आणि साखर तपासून घ्या. तो अलीकडे खूप पाणी पीत असेल, सारखा लघवीला जात असेल आणि वाळत चालला असेल, तर बाकी काही न बघता त्याच दिवशी साखर तपासा. मुलांचा मधुमेह कधीकधी ओल्या अंथरुणापासूनच लक्षात येतो आणि त्याला थांबायला वेळ नसतो. शौचाला खडा होत असेल तर तेही सांगा, बद्धकोष्ठानेही अंथरूण ओलं होतं.

मग कान-नाक-घशाचे डॉक्टर. ते मानेचा बाजूने एक्स-रे काढतील किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून ॲडेनॉइड बघतील. टॉन्सिलच्या आकारावरून मात्र सगळं ठरत नाही. मोठ्या टॉन्सिलचं मूल शांत झोपू शकतं आणि मध्यम टॉन्सिलचं घुसमटू शकतं, म्हणून तुमचा व्हिडिओ महत्त्वाचा. अमळनेर जळगाव आणि धुळे दोन्हींच्या मध्ये आहे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथल्या या विभागात दाखवा. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक वर्षातून एकदा येतं, ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. ही योजना 2013 मध्ये आपल्याच राज्यातून, पालघरहून सुरू झाली. ते लवकरच यायचे असतील तर त्यांनाही सांगा, पण त्यांची वाट बघत बसू नका.

खात्री करायची तपासणी म्हणजे स्लीप स्टडी. मूल रात्रभर तिथे झोपतं, आई शेजारी असते. डोक्याला, छातीला, पोटाला आणि बोटाला तारा लावतात, सुई नसते, दुखत काही नाही. श्वास तासाला किती वेळा अडला, ऑक्सिजन किती उतरला, मेंदू किती वेळा जागा झाला, हे त्यातून मोजतात. मोठ्या माणसात तासाला पाचपर्यंत चालतं, मुलात एकच्या वर गेलं तरी ते नेहमीचं नाही. म्हणून मोठ्यांच्या मापाने काढलेला ‘नॉर्मल’ अहवाल मुलासाठी पुरेसा नसतो, मुलांचा अहवाल वाचण्याची सवय असलेल्याकडूनच करून घ्या. ही सोय प्रत्येक शहरात नाही आणि खर्चही होतो. लक्षणं, व्हिडिओ आणि घसा सगळं एकच सांगत असेल तर डॉक्टर काही मुलांत त्याशिवायही पुढे जातात. बोटाला यंत्र लावून रात्रभर ऑक्सिजन मोजणं हा मधला मार्ग आहे. त्यात बिघाड दिसला तर तो खरा धरायचा. काही दिसलं नाही म्हणून आजार नाही, असं मात्र नाही.

ऑपरेशनची भीती मला ठाऊक आहे. टॉन्सिल काढले की मूल कायमचं अशक्त होतं, असं कोणीतरी नक्की सांगेल. तसं होत नाही, तेच काम करणाऱ्या गाठी शरीरात पुष्कळ असतात. त्रास सौम्य असेल तर आधी काही आठवडे नाकाचा फवारा देऊन बघतात. बाकी मुलांत टॉन्सिल-ॲडेनॉइड काढणं हा पहिला उपाय आहे. 2013 मध्ये अमेरिकेत पाच ते नऊ वर्षांच्या 464 मुलांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. सात महिन्यांनी ऑपरेशन झालेल्यांपैकी 79 टक्के मुलांची झोपेची तपासणी ठीक आली, नुसतं थांबून पाहिलेल्यांपैकी 46 टक्क्यांची. म्हणजे काही मुलं आपोआपही बरी होतात, घाई करू नका, पण त्याचं वागणं, शाळा आणि अंथरूण इतकं बिघडलेलं असताना वर्षानुवर्षं थांबूही नका. ऑपरेशननंतर दुखण्यासाठी कोडीन असलेलं औषध मुलांना द्यायचं नसतं, एवढं लक्षात असू द्या. आणि झोपेत ओठ निळे पडले, किंवा दिवसाही श्वासाला कष्ट पडत असतील, तर त्याच रात्री दवाखाना गाठा.

शांत झोपावा म्हणून सर्दीचं पातळ औषध, झोपेच्या गोळ्या, मेडिकलवर मिळणाऱ्या मेलाटोनिनच्या गोळ्या, यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. गुंगीच्या औषधाने सैल पडलेला घसा आणखी सैल पडतो.

शाळेतल्या बाईंशी भांडू नका. त्यांनी बघितलं म्हणून तर तुम्ही लिहिलंत. त्यांना सांगा की आधी झोपेची तपासणी करतोय, दोन-तीन महिने द्या, तोवर पुढच्या बाकावर बसवा. झोप सुधारूनही चंचलपणा राहिला तर मानसिक डॉक्टरांकडे अवश्य जा. दोन्ही गोष्टी एकत्र असू शकतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

राहिलं तुमच्या पत्रातलं मारण्याबद्दलचं वाक्य. झोपेतलं मूल लघवी धरू शकत नाही, ते त्याच्या हातात नसतं. हे तुम्हाला माहीत नव्हतं, आता झालं. गोधडीखाली रबरी कापड घाला, उशाशी एक कोरडी चड्डी ठेवा, बदलणं त्याला अंधारातही जमेल. भावंडांसमोर आणि पाहुण्यांसमोर विषय नको. आणि आजच, शाळेतून आला की त्याला जवळ घेऊन सांगा, ‘मी तुला मारलं ते चुकलं. तुझ्या घशात काहीतरी अडतंय असं वाटतंय, आपण दोघं जाऊन दाखवून येऊ.’ कॅलेंडरवर ओलं-कोरडं लिहायला त्याच्याच हातात पेन्सिल द्या. पंधरा दिवसांनी तो कागद आणि व्हिडिओ घेऊन जा, आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा.